कऱ्हा लिहिलं, तरी चूक?

या खेपेच्या टपालात चार पत्रं प्रश्नमंजूषेचीच निघाली. चौघांनाही वेबपानावर प्रश्न विचारायचेत, गुण द्यायचेत आणि शेवटी ‘शाब्बास’ म्हणायचंय. पहिल्या पत्रात बाकीच्यांच्या अडचणींची बीजं आहेत, म्हणून त्याला जास्त जागा देते. कोड मात्र इथे छापणार नाही. मासिकाच्या छपाईत सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात, तुम्ही ती तशीच उतरवून घेता आणि मग पान चालत नाही म्हणून मला पत्र पाठवता. मागच्या वर्षी हे दोनदा झालं. त्यामुळे सगळं शब्दांत सांगते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुरंदर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. डीएड झालंय, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. व्हिडिओ बघून ‘आपला परिसर’ नावाचं एक पान तयार केलं. दहा प्रश्न आहेत, आठ पर्यायांचे आणि दोन उत्तर लिहायचे. तीन गोष्टी अडल्यात. ‘तपासा’ दाबलं की पान क्षणभर लुकलुकतं आणि सगळी उत्तरं पुसली जातात. ते कसंबसं टाळलं, तर गुण एक, दोन, तीन असे न वाढता शून्य-एक, शून्य-एक-एक असे लांबत जातात. तिसरी गोष्ट फार लागली. ‘सासवडजवळून कोणती नदी वाहते?’ याला मुलीने कऱ्हा लिहिलं आणि पान म्हणालं, चूक. दुसऱ्या फोनवरून तेच लिहिलं, तर बरोबर. पोरं म्हणाली, ‘बाई, तुमचा कॉम्प्युटर आपल्याच नदीला चूक म्हणतो.’ काय करू?

उत्तर : बाई, तुमचं पान जवळजवळ झालेलं आहे. या तिन्ही खोड्या मी स्वतः केलेल्या आहेत, तेव्हा लाजायचं कारण नाही.

आधी लुकलुकणं. तुम्ही प्रश्न फॉर्म नावाच्या टॅगमध्ये ठेवलेत आणि आत एक बटण दिलंत. बटणाचा प्रकार सांगितला नाही, तर ब्राउझर धरून चालतो की हे ‘पाठवा’चं बटण आहे. दाबल्याबरोबर तो उत्तरं गोळा करून पाठवायला निघतो. कुठे पाठवायची तो पत्ता तुम्ही दिलेला नाही, म्हणून तो त्याच पानावर परत येतो, कोरी पाटी घेऊन. खात्री करायची असेल, तर बटण दाबल्यावर वरची पत्त्याची पट्टी बघा. पत्त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह चिकटलेलं दिसेल. बटणाला ‘टाइप’ म्हणून ‘बटन’ लिहिलं, की क्लिकपुरतं काम होतं. पण मुलं उत्तर लिहून एंटर दाबणारच. तेव्हा फॉर्मच्या ‘सबमिट’ घटनेवरच तुमचं फंक्शन बांधा आणि त्याची पहिली ओळ ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ ठेवा. म्हणजे ब्राउझरला सांगायचं, बाबा रे, तू कुठे जाऊ नकोस, उत्तरं मीच बघते.

आता गुण. तुमच्या वर्णनावरून दिसतंय ते असं : पानावर जिथे शून्य दिसतंय तिथला मजकूर तुम्ही वाचता, त्यात एक मिळवता आणि परत तिथेच लिहिता. पडद्यावरचं शून्य हा जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानाकडून कामं करून घेणाऱ्या भाषेच्या दृष्टीने आकडा नाही, मजकूर आहे. अधिकचं चिन्ह तिथे दोन कामं करतं. दोन्ही बाजूंना आकडे असले तर बेरीज आणि एका बाजूला जरी मजकूर असला तर जोडणी. शून्याच्या शेपटीला एक चिकटला, मग आणखी एक चिकटला. गंमत म्हणजे वजाबाकीच्या चिन्हाला हे दुसरं काम नाही, त्यामुळे गुण कापणारं पान बिनबोभाट चालतं आणि गुण देणारं अडखळतं. १९९५ साली ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये ही भाषा पहिल्यांदा दहा दिवसांत उभी केली होती. असं काही समोर आलं, की मला त्या दहा दिवसांची आठवण येते.

यावर ‘नंबर’ नावाचं फंक्शन वापरून मजकुराचा आकडा करता येतो, पण तो उपाय मी तुम्हाला सुचवत नाही. तुम्ही वर्गात गुण फळ्यावर लिहिता, तरी खरी नोंद तुमच्या वहीत असते ना? फळा पुसला गेला तर वहीतून परत लिहिता, फळ्यावरून वहीत उतरवत नाही. इथेही तसंच करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘गुण’ नावाचं एक चल (किंमत साठवायची नाव दिलेली जागा) घ्या, त्यात शून्य ठेवा, बरोबर उत्तराला तेच वाढवा आणि पडद्यावर त्यातलं दाखवा. पडद्यावरून वाचायचं नाही. हेच प्रश्नांनाही लावा. प्रश्न, पर्याय आणि उत्तर एका यादीत ठेवा आणि एकच फंक्शन त्यातला एकेक प्रश्न पडद्यावर मांडू दे. आज तुमच्या पानात दहा प्रश्नांसाठी दहा वेळा तोच कोड चिकटवलेला असणार. पुढच्या चाचणीला पंचवीस प्रश्न घ्यायचे झाले, की जीव मेटाकुटीला येईल.

गुणांवरून आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातली गोष्ट सांगते. पाच-सहा वर्षं झाली असतील. मी मोठ्या तोऱ्यात लॅपटॉपवर प्रश्नमंजूषा ठेवली होती. प्रश्न दहा, बक्षीस स्टीलचा डबा. सातवीतल्या एका मुलाला दहापैकी त्रेचाळीस गुण पडले. बरोबर उत्तराचं बटण तो पुन्हा पुन्हा दाबत होता आणि माझं पान दर वेळी इमानेइतबारे एक गुण देत होतं. डबा त्यालाच दिला, कारण सोसायटीत सगळ्यांत आधी चूक शोधणारा तोच होता. तुमच्याही पानात ‘तपासा’ दोनदा दाबलं की हेच होणार. उत्तर तपासून झालं, की त्या प्रश्नाची बटणं ‘डिसेबल्ड’ करा आणि ‘पुढे’चं बटण तेव्हाच दाखवा.

आता कऱ्हा.

डोळ्यांना एकच दिसणारा हा शब्द संगणकात निदान तीन तऱ्हांनी लिहिला जातो. तो अर्धचंद्रासारखा र काढायला काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, ज्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक, दशमान मोजणीत २३५३ आहे. काही कीबोर्ड साधा र, मग हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतात. काही ठिकाणी साध्या र खाली नुक्ता (टिंब) देऊन काम भागवलेलं असतं. पडद्यावर तिन्ही सारखेच. तुम्ही यादीत टाइप केलेलं कऱ्हा एका तऱ्हेचं आणि त्या मुलीच्या फोनवरचं दुसऱ्या तऱ्हेचं. तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली, तर पान चिन्हाला चिन्ह लावून बघतं आणि दुसऱ्याच पायरीवर म्हणतं, हे जुळत नाही.

हे स्वतः बघा. लॅपटॉपवर एफ १२ दाबून कन्सोल (कोड तपासायची ब्राउझरमधली खिडकी) उघडा आणि दोन्ही फोनवरून आलेल्या उत्तरांची ‘लेंग्थ’ छापा. ऱ वापरणाऱ्याची लांबी पाच येईल : क, ऱ, हलन्त, ह आणि काना. न दिसणारं चिन्ह असलेल्याची सहा येईल. मला हे पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी दहा मिनिटं नुसती त्या सहाकडे बघत बसले होते.

उपाय असा. तुलनेआधी ‘साफ करा’ नावाचं एक छोटं फंक्शन लिहा आणि मुलाचं उत्तर व तुमचं उत्तर, दोन्ही त्यातून काढा. त्यात पहिल्यांदा ‘ट्रिम’ करा, कारण फोनच्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला, की त्यामागे बहुतेक वेळा एक मोकळी जागा येते. मग ‘नॉर्मलाइझ’ चालवा, म्हणजे र आणि नुक्त्याचा एकच ऱ होईल. न दिसणाऱ्या चिन्हाचं काम ‘नॉर्मलाइझ’ करत नाही, ते हाताने करावं लागतं : र, हलन्त आणि जॉइनर हे तिघं ओळीने आले, की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं. हे चिन्ह दिसत नसल्यामुळे कोडमध्ये ते त्याच्या क्रमांकाने लिहा, ८२०५. नाहीतर तुम्हालाच पुढच्या वर्षी कळणार नाही, की त्या रिकाम्या अवतरणचिन्हांत काय लपलंय.

तुमचा दुसरा लिहायचा प्रश्न कळसूबाई शिखराच्या उंचीचा असेल, तर तिथेही एक खड्डा आहे. मुलं १६४६ मराठी आकड्यांत लिहितील. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत, ते ‘नॅन’ म्हणजे ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर देतं. मराठी शाळेत याचा राग येणं साहजिक आहे, पण इलाज सोपा आहे. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. दहाही आकडे दोन्हीकडे ओळीने बसलेले आहेत. म्हणजे प्रत्येक मराठी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले, की त्याचा इंग्रजी जोडीदार मिळतो. ही वजाबाकीही ‘साफ करा’मध्ये टाका.

इथपर्यंतचं काम यंत्राचं. पुढचं तुमचं आहे. एखाद्याने र चा रफार करून ‘कर्हा’ लिहिलं तर? शिखराचं नाव विचारलंत आणि कोणी सू ऱ्हस्व काढून कळसुबाई लिहिलं तर? तुम्ही भूगोल तपासताय की शुद्धलेखन, हे पानाला कळायचा मार्ग नाही. मी असते तर यादीत एका उत्तराऐवजी चालणाऱ्या उत्तरांची छोटी यादी ठेवली असती आणि ऱ्हस्व-दीर्घाला गुण कापले नसते, फक्त खाली बारीक अक्षरांत ‘असं लिहितात : कळसूबाई’ एवढं दाखवलं असतं. तुमच्या वर्गात तुमचा निर्णय. पहिल्या दिवशी मुलांनी वहीवर दिलेली उत्तरं एकदा चाळा, त्यातूनच ही यादी निघेल. माझ्या डोक्यातून निघणार नाही.

प्रश्न : मी लातूरला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या क्विझमध्ये मित्रांच्या लक्षात आलं, की बरोबर उत्तर बहुतेक वेळा ‘क’ असतं. म्हणून पर्याय उलटसुलट करायला इंटरनेटवरची एक ओळ घेतली, ज्यात ‘सॉर्ट’मध्ये ‘रँडम’ वजा अर्धा असं करतात. आता बरोबर उत्तरालाही चूक दाखवतं.

उत्तर : तुझ्या दोन चुका एकमेकींत अडकल्यात. चुकीचं दाखवतंय, कारण तू उत्तर म्हणून जागा ठेवली आहेस. ‘दोन नंबरचा पर्याय’ असं लिहून ठेवलंस आणि मग पर्याय फिरवलेस. जागेवर आता दुसराच माणूस बसलाय. उत्तराचा मजकूर ठेव, जागा नको. शिवाय मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे दोन नंबर म्हणजे तिसरा. तुझा तो कायमचा ‘क’ बहुधा इथूनच आला असावा.

ती एक ओळ मात्र सोडून दे. ‘सॉर्ट’ला प्रामाणिक तुलना लागते. अ हा ब च्या आधी असं एकदा सांगितलंस, तर पुढेही तेच सांगायला हवंस. तू दर वेळी नाणं उडवतोस, मग काही क्रम जास्त वेळा येतात, काही कमी. विश्वास नसेल, तर चार पर्याय एक लाख वेळा फिरव आणि पहिला पर्याय कुठे किती वेळा बसला ते मोज. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढं पुरेल.

खरी पद्धत पत्त्यांच्या जोडासारखी आहे. शेवटचं पान धर. ते स्वतः आणि त्याच्या आधीची सगळी, यांतून चिठ्ठी टाकून एक निवड आणि दोघांची अदलाबदल कर. ते शेवटचं पान आता पक्कं, त्याला हात लावायचा नाही. मग शेवटून दुसरं घे आणि तेच कर. पहिल्या पानाशी आलास की झालं. संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी अशी पद्धत दिली होती, १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने ती संगणकासाठी अशी अदलाबदलीची केली. कोड पाच-सहा ओळींचा होतो. न बघता लिही. नंतर जुळवून बघ.

प्रश्न : ताई, वय ७१, ठाण्यात राहतो. नात न्यू जर्सीत असते, मराठी बोलते पण वस्तूंची नावं अडतात. तिच्यासाठी ‘ओळखा पाहू’ केलं : पाटा-वरवंटा, उखळ, परात, सूप, खलबत्ता, अशी बारा चित्रं. फोटो मीच काढले. माझ्या कॉम्प्युटरवर झकास चालतं. फाइल पाठवली, तर तिकडे चित्रांच्या जागी फुटके चौकोन आणि अक्षरं मुंगीएवढी.

उत्तर : काका, खलबत्त्याचा फोटो मलाही पाठवा, आमचा भावाकडे गेला.

फुटक्या चौकोनाचं कारण बहुतेक वेळा हे असतं : चित्राचा पत्ता देताना तुम्ही ‘सी ड्राइव्ह’पासूनचा आख्खा रस्ता लिहिलाय. तो रस्ता तुमच्या घरातला आहे. नातीच्या घरात तो नाही. पानाची फाइल आणि बारा चित्रं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पत्त्यात नुसतं चित्राच्या फाइलचं नाव लिहा. नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. विंडोजला मोठ्या आणि लहान अक्षरांचा फरक चालतो, पण बहुतेक सर्व्हरना चालत नाही. कॅमेऱ्याने शेवटचं ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत दिलं असेल आणि तुम्ही लहान लिहिलं, तर ठाण्यात दिसेल आणि इंटरनेटवर चढवल्यावर गायब होईल. फोटो आठशे पिक्सेल रुंदीचे करा, फोनवर तेवढं पुरतं. मुंगीएवढ्या अक्षरांसाठी पानाच्या वरच्या भागात ‘व्ह्यूपोर्ट’चा एक मेटा टॅग लागतो, रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ एवढी सांगणारा. तो विसरला, की फोन समजतो हे पान मोठ्या पडद्यासाठी आहे आणि सगळंच आकसून दाखवतो.

पण फाइल पाठवतच बसू नका. गिटहब पेजेस या वेबपानं ठेवायच्या सेवेवर फोल्डर फुकट चढवता येतो. मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ठेवा. एक दुवा मिळेल, तो नातीला द्या. पुढे तुम्ही तेरावं चित्र घातलंत, तरी दुवा तोच राहतो. एक काळजी घ्या. फुकटच्या खात्यात तो फोल्डर साऱ्या जगाला उघडा असतो, तेव्हा नातीचं नाव, शाळा, फोटो असलं काही त्यात नको. आणि काका, सूप ओळखायला नुसतं चित्र अवघड जाईल. धान्य पाखडतानाचा फोटो काढता आला तर बघा.

प्रश्न : मी नाशिकला बारावीत आहे. क्विझ केलं, पण वर्गातल्या एकाने ‘व्ह्यू पेज सोर्स’ करून सगळी उत्तरं वाचली. उत्तरं लपवायची कशी?

उत्तर : लपत नाहीत. जे पान ब्राउझरमध्ये तपासणी करतं, त्याची उत्तरं ब्राउझरकडे पोचलेली असतात. अक्षरं उलटी लिहिलीस किंवा सांकेतिक केलीस, तर त्याला दोन मिनिटांऐवजी दहा लागतील. गुणांना खरंच किंमत असेल, तर उत्तरं सर्व्हरवर ठेवावी लागतात आणि तपासणीही तिथेच. ते पुढच्या वर्षी शिकशील. सध्या सरावाचं क्विझ म्हणून चालू दे आणि त्या मुलाला पुढचे वीस प्रश्न तयार करायला बसव.